पदरातले दोरे

माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या भोकरदनला ठाऊक. तरी त्र्याण्णव सालची ती सकाळ सांगताना मलाही शब्द पुरत नाहीत!

रामरावांच्या शेतात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट होता. आम्ही बायका संध्याकाळी कळ्या सोलून त्यातले पुंकेसर काढायचो आणि सकाळी त्याच फुलांना दुसऱ्या वाणाचा पराग लावायचो. एखादी कळी सोलायची राहिली, तर तिचं बी भेसळीचं. कंपनीच्या साहेबांना असं फूल दिसलं की प्लॉट बाद!

आधीचा मुकादम कारभारी. विहिरीजवळच्या, लिंबाच्या सावलीतल्या ओळी त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला. आम्हा बौद्धवाड्यातल्या बायकांना बांधाकडच्या, उन्हातल्या. फूल कुणाचंही राहो, बोल आम्हाला आणि हकालपट्टीही आमचीच. मग राहिलेलं फूल दिसलं तरी कोण कशाला बोलेल? आदल्या साली प्लॉट बाद झाला तो असाच.

वैतागून रामरावांनी आमच्या सत्यशीलाला मुकादम केलं. "प्लॉट पास झाला तर मुकादमी तुझी. न्हाई तर कारभारी हायेच," म्हणाले.

सत्यशीलानं प्रत्येक ओळीच्या खुंटीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि तसेच दोरे पदरात धरले. रोज संध्याकाळी प्रत्येकीनं डोळे मिटून एक ओढायचा. रंग जुळेल ती ओळ आपली. उरलेला शेवटचा दोरा तिचा.

"अन् फूल राह्यलं तर बिनधास्त वरडा," ती म्हणाली. "कुणालाच काढणार न्हाई."

तपासणीच्या सकाळी कारभारी कडक टोपी घालून आधीच हजर. बांधाकडची ओळ नेमकी द्वारकाबाईकडे होती. रस्त्यावर साहेबांच्या जीपचा धुरळा दिसला आणि ती एकदम थबकली. तिच्यापुढे न सोललेली फुलं उमलली होती. ही नुसती गप्प राहिली, तरी नवऱ्याची मुकादमी परत!

द्वारकाबाईनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"अगं, जल्दी या! माह्या ओळीत फुलं राह्यली!"

काय पळालो आम्ही! मी घागर तिथंच टाकली. कुणी खुडतंय, कुणी ओटीत भरतंय, हसू काही आवरेना. साहेब आले तेव्हा आम्ही आपापल्या ओळीत साळसूद उभ्या होतो. त्यांनी सगळं रान पालथं घातलं. प्लॉट पास!

रामराव खुशीत, सवयीनं वळले. "मंग कारभारी, पुढच्या साली कसं करायचं?"

कारभारीनं टोपी नीट केली, घसा खाकरला.

"मालक, त्यांला काय इचारता?" बांधाकडून द्वारकाबाई ओरडली. "दोरे सत्यशीलाच धरंल!"