तीन तारा

"इमान उतरलंय का हो हिकडं कुठं?"

खुटबावच्या पाराजवळ बन्सीनं जीप उभी केली आणि खाली न उतरताच विचारलं. पारावरच्या दोघांनी आधी जीपकडं पाहिलं, मग जीपमागच्या तीस फुटी ट्रेलरकडं, मग आभाळाकडं.

"पांढरं? आवाज न करता जातंय त्ये?"

"व्हय, त्येच."

"दुपारी दिसलं व्हतं की. घारींसंगं घिरट्या घालत व्हतं. मग घारी हितंच ऱ्हायल्या आन् त्ये गेलं नदीकडं."

बन्सीनं गिअर टाकला. शेजारी बसलेल्या ललितानं मांडीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "म्हणजे मारुतराव शिरूरच्या बाजूला गेले, मामा. निदान निघाले तरी त्याच वाटेनं."

शहात्तर सालचा मार्च होता. ज्वाऱ्या निघाल्या होत्या आणि रानं मोकळी पडली होती. कासुर्डीच्या माळावर दर रविवारी पुण्याहून दहा-बारा माणसं ग्लायडर उडवायला यायची. ग्लायडरला इंजिन नसतं. लांब दोरानं पतंगासारखं ओढून ते वर चढवायचं, दोर सुटला की तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर त्यानं तरंगत राहायचं. हवा मिळाली तर माणूस शिरूरला जाऊन परत यायचा. नाही मिळाली, तर दिसेल त्या रानात उतरायचा आणि वाट बघत बसायचा. मग बन्सीनं ट्रेलर घेऊन निघायचं, गावोगाव विचारत माणूस शोधायचा, विमानाचे पंख सोडवून ट्रेलरवर लादायचे आणि सगळं परत आणायचं.

बारा वर्षं तो हे करत होता. आठवड्याचे सहा दिवस पहाटे दुधाची गाडी, सातव्या दिवशी हे. फौजेतून ड्रायव्हर म्हणून सुटला तेव्हा पाठ धड होती. आता कमरेमागं घोंगडीची घडी घेतल्याशिवाय त्याला बसवत नसे. "लोकं उडत्यात आन् तुमी धुळीत हिंडताय," असं त्याची बायको गिताबाई दर रविवारी एकदा म्हणायची. मग भाकरी बांधून द्यायची.

"साडेचार वाजले," ललिता म्हणाली. ती पुण्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. तीन वर्षांपूर्वी मारुतरावांनीच तिला उडवायला शिकवलं होतं. क्लबातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं. "दुपारी एक वाजता निघालेत. एव्हाना फोन यायला हवा होता. कुठल्या तरी पोस्टातून, चौकीतून."

"आज रविवार. पोस्ट बंद आसंल."

"ते आहेच." तिनं नकाशावरचं बोट उचललं. "मामा, तुम्हाला काही वाटतं का त्यांच्याबद्दल?"

"म्हंजी?"

"काही नाही."

बन्सीनं पुढं विचारलं नाही. त्याला वाटत होतं, वर्षभर वाटत होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी समोर फडफडत असताना मारुतरावांनी "वारा कुठला रे आज?" असं त्याला विचारलं होतं. एकदा चहा कपाच्या शेजारी ओतला आणि हसण्यावारी नेला. गेल्या महिन्यात उभ्या सायकलीला वळसा घालायचं सोडून सरळ तिच्यावरच गेले. बन्सीनं हे सगळं पाहिलं होतं आणि कुणापाशी तोंड उघडलं नव्हतं.

त्याचं कारण जुनं होतं. पहिल्याच वर्षी एक विमान शिरूरच्या पलीकडं उतरलं. तिथल्या वाड्यावर सगळ्यांना जेवायला बसवलं. यजमानानं बन्सीला गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि त्याचं ताट उचलून ओट्याखाली ठेवलं. बन्सीला त्याचं नवल वाटलं नव्हतं. पण मारुतराव आपलं ताट घेऊन उठले, बाहेर आले आणि ट्रेलरच्या मडगार्डवर बसून जेवायला लागले.  मग बाकीचेही एकेक करून ताटं घेऊन आले. त्यानंतर आजतागायत, कुठल्याही गावात उतरलं तरी क्लबाची माणसं ट्रेलरपाशीच जेवायची. नव्या मेंबरांना वाटायचं, ही क्लबाची रीतच आहे.

पारगावला त्यांनी नदी ओलांडली. न्हावऱ्याच्या अलीकडं सायकलवरच्या एका माणसानं न विचारताच हात केला. "गेणबाच्या रानात हाय तुमचं! जत्रा भरलीया निस्ती!"

रानाच्या कडेला दहा-पंधरा माणसं आणि त्याहून जास्त पोरं जमली होती. मधोमध पांढरं ग्लायडर एका पंखावर कलून बसलं होतं. धड होतं. ललितानं जीप थांबायच्या आत उडी मारली.

मारुतराव बांधावर बसून तांब्यातलं ताक पीत होते. एकसष्ट वर्षांचे, भवानी पेठेत लेथचा कारखाना असलेले, डोक्याला पांढरी कापडी टोपी. "या, या! उशीर केलात. शिरूर गाठलं बरं का, बन्सी! घोडनदीवरून वळलो. येताना हवा मेली. पण लँडिंग असं झालं की ताकाचा तांब्या मांडीवर असता तर हिंदकळला नसता."

ललिता हसली. पोरंही हसली. गेणबा मात्र हसला नाही. पन्नाशीचा, मेंढरं विकून बागायतीत पडलेला माणूस. त्यानं बन्सीला खुणेनं बाजूला घेतलं.

"पाव्हणं, तुमी संगतीचं दिसता म्हून सांगतो. ह्ये तारंच्या खालनं आलं."

बन्सीनं वर पाहिलं. रानाच्या दक्षिणेच्या बांधावर विजेचे खांब होते आणि त्यांवरून तीन तारा गेल्या होत्या. दुष्काळानंतर इकडच्या विहिरींवर मोटारी बसल्या, तेव्हा आलेल्या.

"खालनं?"

"खालनं. वरनं न्हवं. माझी मालकीण कडब्याचा भारा घिऊन येत व्हती हितनं. तिनं भारा टाकून भुईवर अंग टाकलं म्हून वाचली. पंख असा गेला तिच्यावरनं." त्यानं तळहात आडवा फिरवला. "आन् ह्ये बाबा उतरून मला इचारत्यात, रान कुणाचं? तिला इचारलंबी न्हाई. दिसलीच न्हाई वाटतं."

गेणबाची बायको सखूबाई विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडायच्या दगडी कुंडाच्या काठावर, बसली होती. कोपर सोललं होतं, त्याला हळद लावली होती. तिच्याभोवती दोन बायका होत्या. 

 बन्सीची पाठ फार दुखत होती. मग तो मारुतरावांपाशी गेला आणि म्हणाला, "जरा येता का हिकडं?"

दोघं चालत दक्षिणेच्या बांधापर्यंत गेले. ललिता पंखाच्या खिळी सोडवत होती, ती तशीच वाकून राहिली आणि त्यांच्याकडं बघत राहिली. तारांच्या बरोबर खाली बन्सी थांबला.

"वर बघा."

"काय आहे?"

"बघा तर. काय दिसतंय?"

मारुतरावांनी मान वर केली. ऊन उतरलं होतं, डोळे दिपण्यासारखं काही नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"आभाळ," ते म्हणाले.

बन्सीनं बोट वर करून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत नेलं. 

"तारा हायेत, मारुतराव," तो म्हणाला. "तीन. तुमी त्यांच्या खालनं आलात."

मारुतरावांनी पुन्हा वर पाहिलं. मग खांब शोधायला मान फिरवली. खांब दिसला असावा, कारण तिथून त्यांची नजर हळूहळू अंदाजानं दुसऱ्या खांबाकडं सरकली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"या इथं नव्हत्या पूर्वी."

"तीन वरीस झालं आसंल."

"डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलंय मला. ऑपरेशन करून उपयोग नाही म्हणाला, मोतीबिंदू नाही हा. मधलं दिसतं, तेही मोठं असेल तेवढंच. कडेचं जातंय." ते खाली बसले. "वरती गेलं की काही अडत नाही रे. वरती सगळं मोठंच असतं. नदी, डोंगर, ढग. बन्सी, हा एक हंगाम. पावसाळा लागेपर्यंत. मग मी आपणहून सोडतो."

"न्हाई."

"दोन महिने फक्त."

"वरीसभर मी बघतोय आन् गप बसलोय. आज ती बाई मेली असती, तर निम्मं माझ्यामुळं मेली असती."

मारुतराव ताडकन उठले. "तू ड्रायव्हर आहेस, बन्सी! कुणी उडायचं आणि कुणी नाही, हे तू ठरवणार?"

बारा वर्षांत ते असं कधी बोलले नव्हते. बन्सीनं मान खाली घातली. पायाखालचं एक ढेकूळ त्यानं चपलेनं फोडलं, मग दुसरं.

"ड्रायव्हरच हाय मी," तो म्हणाला. "म्हून सांगतो. रस्त्यावर माणूस दिसंना झालं, की म्याबी गाडी सोडीन. आदी तिकडं जावा. ती बाई बसलीय हिरीपाशी."

मारुतरावांनी धोतराची माती झटकली. मग विहिरीच्या दिशेनं चालायला लागले. पाय उचलून, जपून टाकत, जसं माणूस ओळखीच्या नसलेल्या जिन्यावर टाकतो. बन्सी दोन पावलं मागं चालला. थारोळ्यापाशी मारुतरावांनी टोपी काढली आणि हात जोडले. बायका बाजूला सरकल्या.

"बाई, चुकलं माझं."

सखूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता शिणवटा होता. "मी दिसलेच न्हाई व्हय तुमास्नी?"

"नाही."

"आन् आता दिसते का?"

"आता दिसता. समोर आहात म्हणून."

 "मग कशाला येता वो वरनं?" ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, घरातल्या थोरल्या माणसाला बोलावं तसं. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि विस्कटलेल्या कडब्याकडं गेली. ललिता धावत तिच्यामागं गेली, पेंढ्या गोळा करू लागली. मारुतरावही वाकले आणि हाताला लागतील त्या पेंढ्या उचलू लागले. गेणबानं त्यांना अडवलं नाही.

विमान ट्रेलरवर चढवायला नेहमी अर्धा तास लागायचा. आज गावकऱ्यांचे हात असूनही तासभर लागला. मारुतराव दर वेळी पुढं, बन्सीशेजारी बसायचे. आज ते मागं जाऊन बसले. ललिता पुढं बसली.  गेणबाकडून तिला सगळं कळलं होतं.

नदी ओलांडल्यावर मागून आवाज आला. "बन्सी, मघाशी मी बोललो ते..."

"ऱ्हाऊ द्या. रस्ता खराब हाय. धरून बसा."

कासुर्डीच्या माळावर पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुण्याला परतायची शेवटची एसटी केव्हाच गेली होती, तरी सगळे थांबले होते. ट्रेलर परत आल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असं तिथं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण कुणी जात नसे. दगडांच्या चुलीवर चहाचं पातेलं होतं. जीप दिसताच आरोळी उठली. "काय मारुतराव, कुणाचं ताक पिऊन आलात?"

बाहेरच्या रानात उतरून आलेल्या माणसानं आपली हकिकत सांगायची आणि बाकीच्यांनी तिची टिंगल करायची, हा रविवारचा सगळ्यात चांगला भाग असे. मारुतराव खाली उतरले. बन्सी बॉनेटला टेकून उभा राहिला. त्यांनी नाही सांगितलं तर आपल्याला सांगावं लागणार, हे त्याला कळत होतं.

"शिरूर गाठलं," मारुतराव म्हणाले. "येताना न्हावऱ्यापाशी उतरलो. विजेच्या तारांखालून. तारा दिसल्या नाहीत. एक बाई होती, तीही दिसली नाही. ती वाचली, ते तिच्या हुशारीनं." त्यांनी टोपी हातात फिरवली. "तेव्हा माझं उडणं संपलं. आजपासून."

 "असं कसं" कुणी म्हणालं नाही, "डॉक्टर बदला" म्हणालं नाही, नवलही कुणाला वाटलेलं दिसलं नाही. क्लबाच्या सेक्रेटरीनं नुसती मान हलवली आणि चुलीतलं लाकूड सारखं केलं. तेव्हा बन्सीच्या ध्यानात आलं की ठाऊक आपल्याला एकट्यालाच नव्हतं. वर्षभर हे सगळे आपापल्या जागी गप्प होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी सांगेल.

ललितानं चहा ओतला. मारुतरावांच्या हातात कप देताना तिनं त्यांची बोटं धरून कपाच्या कानाभोवती नीट बसवली, आणि त्यांनी बसवू दिली.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी सकाळच्या एसटीनं उतरले आणि माळावर येऊन म्हणाले, "मला काहीतरी काम द्या रे."

ग्लायडरला चाक एकच असतं. सुटायच्या आधी कुणीतरी पंखाचं टोक हातात धरून त्याला सरळ उभं ठेवावं लागतं, आणि दोर ताणला की चार-सहा पावलं बरोबर पळून सोडून द्यावं लागतं. हे काम नव्या पोरांचं. मारुतरावांनी ते घेतलं.

त्या दिवशी ललिता उडणार होती. तिनं काचेतून हात केला. मारुतरावांनी पंख उचलला. दोर सरसरत ताणला गेला, विमान हललं आणि ते त्याच्याबरोबर पळाले. एकसष्ट वर्षांच्या माणसाला जमेल तसं, धोतराचा सोगा एका हातानं सावरत. मग पंख त्यांच्या हातातून निघून गेला.

बन्सी मागून चालत त्यांच्यापाशी गेला.

"गेली?"

"गेली."

"कुठवर?"

आभाळात कुणी कसं उडतं हे सांगायची बन्सीवर कधी वेळ आली नव्हती. त्यानं डोळ्यांवर हात धरला. "दोर सुटला. आता डावीकडं वळतीया. एक घार हाय तिच्या खालच्या अंगाला. चढतीया, मारुतराव. सावकाश, पर चढतीया."

मारुतराव ऐकत होते. मान वर नव्हती, समोर होती. आणि उजवा हात अजून खांद्याएवढ्या उंचीवर तसाच होता, तळवा वरच्या बाजूला, पंख धरल्यासारखा.