हवाली केल्याशिवाय

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. गुडघाभर उंचीचा, शेंदराने माखलेला. आज माझ्या एका बाजूला इमारतीचे फाटक आहे आणि दुसऱ्या बाजूला स्कूटर लावायची जागा. इथले रहिवासी मला पाहून भराभर पावले उचलत असत. या जागेत काहीतरी आहे, असे ते म्हणत. ते अगदीच खोटे नव्हते.

नेरळजवळ पोशीर गावात ही इमारत आहे. तिच्या जागी पूर्वी भाताचे शेत होते. जयवंता नावाच्या शेतकऱ्याच्या आजोबांनी मला नदीच्या पात्रातून खांद्यावर आणले, बांधावर उभे केले आणि म्हटले, "आजपासून तू राखणदार." आमच्याकडे शेताला असा राखणदार असतो. पेरणीआधी त्याला नारळ मिळतो, कापणीला पहिली लोंबी मिळते. त्याने शेत राखायचे आणि दिवेलागणीला धनी घरी निघाला की काठी टेकत त्याच्या मागे दारापर्यंत जायचे. धन्याला काठीची टकटक ऐकू येते, पण त्याने मागे वळून पाहायचे नाही. मागे आपला कोणी आहे, असे मानून चालत राहायचे.

मी आजोबांना पोचवले, मग त्यांच्या मुलाला आणि मग जयवंताला. फार सुखाचे दिवस होते ते. देवळात सप्ताह बसला की वीणेचा झणकार बांधापर्यंत येई. कीर्तनकार बुवा रंगात आले की जयवंता बांधावरूनच टाळ्यांचा ठेका धरी आणि मी माझ्या जागी डोलत असे. दगडाला कान नसतात, असे म्हणतात. पण नाम ऐकायला कान कशाला लागतात?

मग शेजारच्या शेतांत मातीचे भराव पडू लागले. आमच्या खाचरातले पाणी पूर्वी एका शेतातून दुसऱ्यात उतरत जाई, त्याची वाटच बुजली. भाताची रोपे पाण्यात उभ्याउभ्या कुजली. जयवंता बांधावर बसून ते बघत राही. त्याचा मुलगा रूपेश नेरळला दुकान घालायचे म्हणत होता, हे मी ऐकले होते. एका संध्याकाळी नेहमीसारखे मी जयवंताला दारापर्यंत पोचवले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

त्याच्याऐवजी जेसीबी आला. मला वाटले, शेतात चोर शिरले. जेसीबीच्या चालकाने माझा शेंदूर पाहिला, हात जोडले आणि मला हलवायला साफ नकार दिला. म्हणून कुंपणाची भिंत मला वळसा घालून गेली. इमारत उभी राहिली. गच्चीवरून माथेरान दिसते, अशी पाटी लागली आणि माणसे राहायला आली.

आता सांगा, मी काय करायला हवे होते? दिवेलागणीला परकी माणसे माझ्या धन्याच्या शेतात शिरत होती. मी काठी घेऊन त्यांच्या मागे गेलो. फरसबंदीवर काठीचा आवाज मातीपेक्षा कितीतरी मोठा होतो. सर्वांत जवळचा दरवाजा तळमजल्यावरच्या घराचा होता, म्हणून टकटक त्या दारापर्यंत जाई. तिथे आलेले पहिले बिऱ्हाड घर विकून गेले. दुसरेही गेले. मला वाटे, मी माझे काम चोख करतो आहे.

मग हर्षला आणि तिचा नवरा स्वप्नील आले. हर्षला भाड्याच्या खोल्यांत वाढली होती. अकरा महिन्यांचा करार संपला की सामान टेंपोत, असे तिचे बालपण गेले. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावे लागे. या घरात आल्यावर तिने पहिल्यांदा काय केले असेल? हातोडी घेतली, भिंतीत खिळा ठोकला आणि त्याला आपल्या विठोबाची तसबीर लावली. ते ठोके मला इथवर ऐकू आले.

पण टकटक काही थांबेना.

"ऐकलंस?" स्वप्नील कुलूप उघडताना म्हणे.

"वॉचमन असेल."

"वॉचमन समोर मोबाईल बघत बसलाय, हर्षला. मला नाही राहायचं इथे."

शेवटी त्याने दलालाला बोलावले. हे लियाकतभाई. या भागातल्या निम्म्या जमिनींचे व्यवहार त्यांनीच जमवलेले. फाटकाजवळ, अगदी माझ्या शेजारी स्कूटर लावून ते हसत म्हणाले, "वहिनी, हे घर म्हणजे माझी पेन्शन हाय. दर वर्षी एकदा विकतो. रविवारी पार्टी आणतो, टोकन घेऊनच येतील."

हर्षला हसली नाही. "लियाकतभाई, तुम्ही दोनदा विकलंत, म्हणजे तुम्हाला माहीत आहे. काय आहे इथे?"

लियाकतभाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे हसू मावळले.

"भूतबित काय नाय, वहिनी. शेताचा राखणदार हाय तो. त्याचे धनी जयवंताकाका, त्यांनी शेत विकल्याचं त्याला सांगितलंच नाय. रजिस्ट्रीच्या दिवशी माझ्याच गाडीत होते. मला म्हणाले, 'लियाकत, शेतावरनं नको नेऊ रं, दुसरीकडनं घे.'"

मित्रांनो, माझे शेत विकले गेले आहे, हे मला त्या क्षणी कळले.

त्या संध्याकाळी मी कोणाच्याही मागे गेलो नाही. कोणासाठी जायचे?

आमच्याकडे रीत अशी, की शेताचा धनी बदलला की जुन्या धन्याने नव्या धन्याला घेऊन राखणदारापुढे यायचे. नव्याचा तळवा दगडावर ठेवायचा, त्यावर आपला ठेवायचा, नव्याचे नाव सांगायचे आणि मग आपला हात आधी काढून घ्यायचा. याला हवाली करणे म्हणतात. त्याशिवाय राखणदार सुटत नाही आणि धनीही सुटत नाही. लियाकतभाईंनी हे हर्षलाला सांगितले आणि जाता जाता म्हणाले, "काका आता नेरळला पोराकडं असतात, पण सप्ताहाला येतात. देवळातच गाठा."

पुढचे मला हर्षलाने सांगितले. हल्ली ती माझ्याशी बोलते. कीर्तनात ती जयवंताच्या बायकोजवळ, सोनुबाईजवळ जाऊन बसली. बुवा सांगत होते, की ज्याने आपल्याला राखले त्याला चुकवून गेलेला माणूस मोकळा होत नाही, नुसता रिकामा होतो. गजर थांबल्यावर हर्षलाने आपले म्हणणे सांगितले. जयवंता मान खाली घालून म्हणाला, "मला नाय जमायचं, पोरी. त्याच्यापुढं उभा ऱ्हायाला तोंड नाय मला."

सोनुबाई कडाडली, "शेत इकाया तोंड होतं, नि सांगाया नाय? अवो, रोज सांजंला दारात बसून कुणाची वाट बघता, मला काय कळत नाय व्हय? उठा!"

शनिवारी, दिवे लागायच्या वेळी, तो आला. केस पांढरे झालेले, हातात नारळ. तो त्याने माझ्यापुढे ठेवला. मग त्याने हर्षलाचा तळवा माझ्यावर ठेवला आणि त्यावर आपला.

"राखणदारा, मी जयवंता. शेत माझं ऱ्हायलं नाय रं. ही हर्षला. आजपासून हिची पाठ राख."

आता हात काढायचा होता. तो काढीना. सोनुबाईने हळूच त्याचे मनगट धरले. "झालं आता," ती म्हणाली. मग हात निघाला.

थोड्या वेळाने स्वप्नील कामावरून आला. हर्षला फाटकात थांबली होती. दोघे घराकडे चालू लागले आणि मी निघालो. टक, टक.

"हर्षला, येतोय आवाज!"

"येऊ दे. आपला आहे. मागे बघू नकोस, चल."

स्वप्नील तिचा दंड घट्ट धरून चालला, पण त्याने मागे पाहिले नाही. मी त्यांना दारापर्यंत पोचवले. रविवारी लियाकतभाई आले, तेव्हा स्वप्नीलने स्वतः चहा ठेवला आणि म्हणाला, "तुमची पेन्शन बंद, लियाकतभाई." तसबीर खिळ्यावरच राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरचेही कधी जुने घर विकतील, नवे घेतील. जरूर घ्यावे. पण निघताना दुसऱ्या वाटेने जाऊ नका. ज्या दाराने तुम्हाला राखले त्याला हात लावा, येणाऱ्याचे नाव सांगा आणि मगच निघा. तुम्ही परत याल म्हणून वाट पाहणारे तिथे कोणी असते.

एक सांगायचे राहिले. त्या शनिवारी हात काढल्यावर जयवंता फाटकातून बाहेर पडला. थोडे चालला आणि थांबला. कान देऊन ऐकू लागला. मग त्याने, आयुष्यात पहिल्यांदा, मागे वळून पाहिले.

रस्त्यावर कोणी नव्हते. मी माझ्या जागी उभा होतो.