साखरीचं अर्थिंग

साहेब, साखरी घोडी तुम्ही मारलीत.

बाबाने सुई टोचली, मुरारीने टाच मारली, मी टँकर वळवला. आम्हा तिघांची पापं मी खाली लिहितोच. पण यात्रेच्या परवानगीच्या कागदावर दोन अटी होत्या. शर्यतीच्या घाटाची जमीन नांगरून, पाणी मारून मऊ केलेली असावी. पळणारं प्रत्येक जनावर डॉक्टरने तपासलेलं असावं. दोन्ही अटींपुढे ‘पूर्तता झाली’ असं लिहिलंय आणि खाली आयोजक म्हणून तुमची सही आहे. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक तुमची जात आणि पक्ष शोधत बसतील, आणि सही बाजूला राहील.

त्या दिवशी तुम्ही स्टेजवर गॉगल लावून बसला होतात. तुम्हाला कितपत दिसलं माहीत नाही, म्हणून सगळं सांगतो.

चाकणच्या पलीकडे कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे आमचं गाव. यात्रेला घाटात पाच-सहा हजार माणूस. आमचा घाट म्हणजे नदीचा नव्हे, बैलगाडे पळवायची चढाची धावपट्टी. निम्मे लोक रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून थेट उतरलेले, गळ्यात आयकार्ड आणि कपाळाला भंडारा. पण त्या सकाळी बैलांकडे कुणी बघत नव्हतं. सगळी गर्दी लिंबाखाली, मुरारीच्या घोडीभोवती. माणसं झाडावर चढली होती, टेम्पोच्या टपावर उभी होती, शंभर मोबाइल वर धरलेले. कारण भुईबाबा लंगडी घोडी चालवणार होता.

बाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. आमच्याकडे गाड्यावर माणूस नसतो. बैलांच्या पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि जुंपलेले चार बैल तिला धरायला म्हणून जीव तोडून मागे धावतात. घोडी अडखळली तर मागून येणाऱ्या बैलांना आवरणारं कुणी नसतं.

साखरी आठ वर्षांची, पांढरीफेक. फेब्रुवारीपासून पुढचा डावा पाय टेकताना मान वर उडवायची. त्यात चमत्कार काही नव्हता. दोन वर्षं पावसाने नुसतं शिंतडून तोंड दाखवलं. रान भट्टीतल्या विटेसारखं झालं होतं, कुदळ मारली तर उलटी उडायची. मुरारीचे वडील सोपानराव होते तोवर अशा वर्षी घोडी घाटात उतरायचीच नाही. विहिरीजवळ चिखल करून ते तिला सकाळ-संध्याकाळ उभी करायचे. धावायला बंदी, नुसती चाल, तीही बांधाच्या कडेने, जिथे पालापाचोळा असेल तिथून. “भुई मऊ होईस्तोवर घोडीला कामाला लावायची न्हाई,” एवढंच त्यांचं शास्त्र. त्यांनी त्याला कधी मंत्र म्हटलं नाही.

मुरारीला थांबता आलं नाही. ठेकेदाराकडचं काम कधी असतं, कधी नसतं. लग्नसराईत तो साखरीला वरातीला न्यायचा. काळेवाडीच्या सिमेंटच्या रस्त्यावर, डीजेपुढे, दोन-दोन तास नाचवायचा. तिथून आणली की घाटात सराव. तिकडे सिमेंट आणि इकडे वीट. पाय कशाचा राहतो?

आता भुईबाबाचं ऐका. गेल्या साली हा माणूस दिघीत नारळ फुंकून मूळव्याध बरी करत होता. दुष्काळ दुसऱ्या वर्षीही हटला नाही तेव्हा त्याने धंदा जमिनीवर आणला. आमच्या भागात कामगार जास्त हे ओळखून त्याने जुनी देवभाषा टाकली आणि कंपनीची भाषा उचलली.

“धरती म्हणजे मायनस आणि आकाश म्हणजे प्लस,” तो माइकवर सांगत होता. “पाणी आटलं, तिथं अर्थिंग तुटलं. आता सगळा करंट ह्या मुक्या जिवाच्या पायात साठलाय. डॉक्टरच्या एक्स-रेमध्ये करंट दिसतो का? नाही दिसत. मला दिसतो.”

याच्या मठावर वीज आकडा टाकून येते, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. आणि तो आम्हाला अर्थिंग शिकवत होता.

पण लोक माना डोलवत होते. देवाचं नाव घेतलं असतं तर यातले निम्मे हसले असते. अर्थिंग म्हटल्यावर कोण हसणार? रोज कंपनीत मशिनला हात लावण्याआधी हेच तर तपासतात. माझ्या शेजारी गणराज होता, एका प्लांटमध्ये मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. तो हळूच म्हणाला, “पॉइंट आहे, राव.” पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस. मला तिथेच कळायला हवं होतं की आज काही खरं नाही.

बाबाने तांब्याचा गज जमिनीत ठोकला. ठोकला म्हणजे काय, चार इंच गेला आणि वाकला, एवढी ती भुई. गजाला तार बांधली, तारेचं दुसरं टोक साखरीच्या पायाला गुंडाळलं. मग खिशातून टेस्टर काढून तिच्या गुडघ्याला लावला. टेस्टर पेटला. बायांनी पदर तोंडाला लावले. मग बाबाने पायावर लाल फडकं टाकलं, घोडी हलू नये म्हणून चेल्यांनी तिचा ओठ दोरीने पिळून धरला, आणि बाबा फडक्याखाली हात घालून म्हणाला, बाभळीच्या काट्याने करंट काढतोय. साखरी दोनदा थरथरली. दहा मिनिटं जप झाला. पुन्हा टेस्टर लावला, पेटला नाही. चेल्याने घोडी चालवली.

साखरी सरळ चालली. मान उडाली नाही. लंगडण्याचा मागमूस नाही.

मुरारी रडला. त्याची आई भागूबाई बाबाच्या पायावर पडली. आणि साहेब, तुम्ही स्टेजवरून खाली आलात. तुम्हीही वाकलात. तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे.

या गर्दीत एकच बाई गप्प होती. आम्रपाली. काळेवाडीत एका दाताच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते. यात्रेच्या महिनाभर आधी तिच्या भावाच्या वरातीला साखरी होती. तेव्हाच तिने वरात मध्येच थांबवून नवरदेवाला खाली उतरवलं होतं आणि मुरारीला घोडी डॉक्टरला दाखवायला सांगितलं होतं. घोडीचं काय झालं ते बघायलाच ती सुट्टी टाकून आली होती. ती पुढे गेली आणि मुरारीला म्हणाली, भाऊ, एक मिनिट धरा हिला.

तिने पर्समधून बॉलपेन काढलं. साखरीच्या उजव्या पायाला, टापेच्या वर मागच्या बाजूला, टोक टेकवलं. साखरीने पाय झटकन उचलला. मग तेच टोक त्याच जागी डाव्या पायाला लावलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. घोडी कडबा खात उभी होती, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा.

“दाढ काढण्याआधी आमच्या बाई हिरडीला असंच टोचून बघतात,” आम्रपाली म्हणाली. “लागत नसेल तर इंजेक्शन चढलं. ही बरी झाली नाही, भाऊ. पाय सुन्न केलाय. तासा-दीड तासात उतरेल.”

चेला ओरडायला लागला. तेवढ्यात तिने जमिनीवरचं लाल फडकं उचलून झटकलं. त्यातून करंगळीच्या पेराएवढी काचेची बाटली पडली. रबराचं बूच, त्यावर सुईचं भोक. आम्रपालीने लेबल मोठ्याने वाचलं: सुन्न करायचं औषध. असल्या बाटल्या ती रोज कपाटात लावते.

गणराज तेव्हा कुठे पुढे आला. त्याने स्वतःच्या खिशातला टेस्टर काढला. सेलवाला टेस्टर, मागच्या टोपणाला बोट टेकलं तर पेटतो, बोट उचललं तर नाही. त्याने तो साखरीला लावला, मग भागूबाईच्या हाताला, मग लिंबाच्या ओल्या फांदीला. सगळीकडे पेटला. “टोपणावर बोट होतं त्याचं,” तो म्हणाला. “माझ्याच खिशात हाय असला, आन मी बघत बसलो.”

म्हणजे भांडं फुटलं होतं. पेन, बाटली, टेस्टर. एखाद्या गोष्टीच्या पुस्तकात इथे गावकरी बाबाला पळवून लावतात आणि गोष्ट संपते.

आमच्याकडे तसं झालं नाही. आम्रपाली मुरारीचा हात धरून सांगत होती की आज पळवू नका. दाढ काढल्यावर सुन्न गाल माणूस स्वतःच चावतो, रक्त आलं तरी कळत नाही. म्हणून तर आम्ही पेशंटला दोन तास खाऊ देत नाही. दुखणं ही पायाची राखण आहे, ती राखण ह्याने उठवली. आता हिचा पाय मोडेपर्यंत हिला कळणार नाही.

मुरारी तिच्याकडे बघत होता, मग साखरीकडे. त्याला पटलं होतं. मी त्याला पहिलीपासून ओळखतो, त्याला पटलं होतं. तो लगाम घेऊन बाजूला वळलासुद्धा. तेवढ्यात निवेदकाने त्याच्या बारीचा पुकारा केला. मुरारी थबकला, पण घाटाकडे वळेना, म्हणून चेला तुमच्याकडे धावला. साहेब, तुम्ही माइक हातात घेतलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत: “महाराजांचा आशीर्वाद आहे आणि आमची सहीपण आहे. बाहेरच्या लोकांनी कार्यक्रमात अडथळा आणू नये.”

पाच हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. दोन स्वयंसेवकांनी आम्रपालीला दंडाला धरून दोरीबाहेर नेलं. कुणीतरी मुरारीला म्हणालं, चालतीय ना डोळ्यांपुढं, मग आता काय बायकांचं ऐकून माघारी जातो का? मुरारीने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. माझं तोंड आधीच काळं झालेलं होतं.

कारण टँकर माझा होता. पहाटे मी घाटावर पाणी मारायला निघालो, दोन खेपा ठरल्या होत्या. तुमच्या माणसाचा फोन आला: आधी स्टेजपुढे आणि पार्किंगमध्ये मारा, पाहुण्यांवर धूळ उडते. दोन्ही खेपा तिथेच गेल्या. तुमच्या गाड्यांखाली चिखल झाला होता, त्यात चपला रुतत होत्या. सोपानराव घोडीला ज्यात उभी करायचे, तसला चिखल. घाट कोरडा ठणठणीत.

मुरारी साखरीवर बसला. निशाण पडलं, त्याने टाच मारली. साखरी सुटली, आणि खरं सांगतो, इतकी सुंदर ती कधी पळाली नव्हती. पाय दुखतच नव्हता, मग ती कशाला जपेल? निम्म्या चढावर आवाज झाला, वाळकी फांदी मोडावी तसा. तरीही ती त्याच पायावर आणखी चार टापा पळाली. मग पाय खाली दुमडला. मुरारी बाजूला फेकला गेला, खांद्याचं हाड गेलं. बैल मात्र सरळ आले. तिच्यावरून चार बैल आणि गाडा गेला.

गुरांच्या डॉक्टर तनुजा मॅडम बोलावल्यावर तासाने आल्या. यात्रेतली त्यांची नेमणूक नुसती कागदावर होती, त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी पाय चाचपला आणि सांगितलं, बारीक चीर आधीपासून असणार, कडक जमिनीवर पळून पडलेली. दोन-तीन महिने मऊ जागेवर विश्रांती दिली असती तर बहुतेक भरली असती. आता काही करता येणार नाही. मुरारीने मानेनेच हो म्हटल्यावर त्यांनी शेवटचं इंजेक्शन दिलं. त्यांनी मात्र औषधाचं नाव सांगितलं, बाटली दाखवली, मग टोचलं.

पंधरा मिनिटांत पुढची बारी सुटली. बाबा तुमच्या गाडीतून गेला.

आणि संध्याकाळपर्यंत गावाने ठरवलं की घोडी आम्रपालीमुळे गेली. पूजा झालेल्या पायाला तिने शिवलं म्हणून. कोणी शिवलं, याच्यावर जोर होता. दीड महिना झाला, अजून पारावर हेच चालू आहे. बाटली दाखवली तर म्हणतात, तिनेच आणली असेल. गणराजने टेस्टर पेटवून दाखवला, तर त्याला विचारतात, तुला किती दिले? पुढच्या रविवारी बाबा शेजारच्या गावात आहे. तिथेही एक घोडी लंगडते आहे.

एकटी भागूबाई वेगळं बोलली. बाबाच्या पायावर पडलेली तीच भागूबाई. पारावर बायका आम्रपालीला शिव्या घालत होत्या, तर ती काठी टेकत उठली. “ती शिवली म्हनून न्हाई मेली साखरी,” ती म्हणाली. “ती सांगत व्हती ते आमी ऐकलं न्हाई, म्हनून मेली.” आणि घरी गेली. तिच्यामागे कुणी गेलं नाही.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. दुखणं थांबलं म्हणजे दुखणं गेलं असं नसतं. जो बरं करतो म्हणतो त्याला विचारा, काय टोचलंस, नाव सांग, बाटली दाखव, फडकं उचल. जो फडकं उचलू देत नाही, त्याच्या हातात जनावर देऊ नका, आणि माणूस तर नाहीच. भुई कडक आहे तोवर जनावराला थांबवा. ती मऊ करायला पाणी लागतं, मंत्र नाही.

आणि साहेब, तुम्ही. माझ्या फोनमध्ये पहाटे पाच वाजून दहा मिनिटांचा तुमच्या माणसाचा कॉल आहे. तुमच्या कागदावर साखरीच्या नावापुढे ‘तपासली, तंदुरुस्त’ असं आहे. डॉक्टर तिथे नव्हत्या. मग तिचा डावा पाय कुणी हातात धरला, किती वाजता, आणि काय बघून तुम्ही सही केलीत?

उत्तर द्या.