बिनवासाचं मलम

धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायचं त्याचं काम. दिवसभर वाफेत उभं राहायचं म्हटल्यावर घाम येणारच. घरी निघताना तो काखेत भसाभस डिओ मारायचा आणि बायको दारातच म्हणायची, "आले नवरदेव!"

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले आणि ही थट्टा संपली. तिला कसलाच वास सोसेना. डिओच्या वासाने तर पोटातलं सगळं बाहेर यायचं. त्याने डिओ बंद केला, तर घामाच्या वासाने तीच गत. शेवटी त्याने मुकाट्याने उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत मुक्काम हलवला.

"मला सोफाच बरा वाटतो," तो म्हणाला. सोफ्याबाहेर त्याचे पाय गुडघ्यापासून लोंबत होते.

याआधी एकदा दिवस जाऊन आशा निसटली होती. त्यामुळे आतून जरा खुट्ट झालं की त्याचा जीव टांगणीला लागे. पण जवळ जायची सोय नव्हती. दाराशी उभा राहून तो विचारायचा, "बरी आहेस ना?" ती मान हलवायची. तेवढंच काय ते बोलणं.

एका दुपारी त्याने न राहवून मेव्हणीला फोन केला.

"भावजी, बिनवासाचं मलम घरीच करा," ती म्हणाली. "खोबरेल तेल, थोडं मेण, कॉर्नफ्लोर आणि किंचित खायचा सोडा. सुगंध अजिबात नको."

सुट्टीच्या दिवशी त्याने गरम पाण्यात वाटी ठेवून तेल आणि मेण वितळवलं, पीठ कालवलं. सोडा मात्र सढळ हाताने घातला. किंचितने आपलं काय होणार, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी काखा अशा पेटल्या की तो हात फाकवूनच घरी आला. खाटेवरून तिने पाहिलं.

"पंख फुटले की काय रे?"

"हसू नकोस. आग होतेय."

ती हसतच सुटली. कितीतरी दिवसांनी हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "एवढं कशाला करत बसलास?"

"लांब राहवत नाही गं," तो म्हणाला आणि कान खाजवू लागला.

त्याच्या काखा बऱ्या झाल्यावर तीच स्वयंपाकघरात आली आणि नाकाला पदर लावून खिडकीपाशी बसली. "थांब! चिमूटभर म्हणजे माझी चिमूट, तुझी नाही," म्हणत सोडा तिने स्वतःच घातला. मिश्रण थंड होईस्तोवर ती तिथून हलली नाही.

ते लावून तो कामावर गेला. संध्याकाळी येऊन नेहमीसारखा दाराशी थांबला.

"आत ये," ती म्हणाली. "अजून जवळ."

तिने त्याच्या खांद्यापाशी नाक नेलं. त्याने श्वास रोखून धरला.

"धुतलेल्या चादरीचा वास येतोय. चालेल."

तो उशी घेऊन आतल्या खोलीत परतला. सकाळी तिने अचानक तोंडावर हात दाबला, तसा तो पातेलं घेऊन धावला आणि जरा लांबच उभा राहिला.

"माझ्यामुळे का?"

"दूध उतू गेलंय शेजारी," ती धापा टाकत म्हणाली आणि त्याचा सदरा घट्ट धरून तिने त्याला जवळ ओढलं. "तू हलू नकोस."