मास्तरांच्या संडासाची खिडकी

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी दोनच गोष्टी मनापासून केल्या. पाणी समितीचं अध्यक्षपद मिळवलं आणि घरामागच्या चढावर संडास बांधला. पैकी दुसरी जास्त लाडकी. आत बसलं की खिडकीतून एकामागे एक सात डोंगर दिसत. पाहुणा आला की चहाआधी त्याला वर नेत, आणि गरज असो नसो, बसवून देखावा दाखवत.

गवंड्याने तेव्हाच सांगितलं होतं, "मास्तर, झऱ्याच्या खाली घ्या. वरचं खाली झिरपतं."

"तू तुझा बांध खड्ड्यात," मास्तर म्हणाले होते.

गवंड्याने खरोखरच आपला वस्तीच्या पार खालच्या टोकाला बांधला. तेव्हापासून दोघांचं बोलणं नमस्कारापुरतं.

चढाच्या पायथ्याशी झरा, झऱ्यावर चाळीस घरं. पाऊस सरला तशी एकेका घरातली पोटं बिघडू लागली. कुणी हवेला बोल लावला, कुणी शिळ्या अन्नाला. संडासाचं नाव काढायला मात्र कुणाची जीभ रेटेना. अर्ध्या वस्तीने मास्तरांची छडी खाल्लेली.

पाणी तपासायचं काम मास्तरांच्या सुनेकडे होतं. तिला त्यांनीच नेमलं होतं. घरची माणसं गप्प बसतात, हा त्यांचा आडाखा. ती तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन खोकंभर बाटल्यांसह परतली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, दोन दिवस उबेला ठेवायचं. काळं पडलं तर त्यात नको ते मिसळलंय. निकाल लागेल त्याच दिवशी झऱ्यावरच्या फळ्यावर लिहायचा.

तिने झऱ्यावर तीन बाटल्या भरल्या आणि चुलीवरच्या फळीवर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी काजळासारखं काळं झालं होतं.

"बाटली खराब असेल," मास्तर म्हणाले.

"तिन्ही, बाबा?"

"मग उद्या लिही."

मास्तरांचा उद्या सुनेला ठाऊक होता. घरातला मोडका नळ चार वर्षं उद्याच दुरुस्त होत होता. लिहावं तर सासरे चारचौघांत उघडे पडणार, न लिहावं तर संध्याकाळी चाळीस घरं हेच पाणी पिणार. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने पदर खोचला.

"बाबा, पेपर तपासताना घरच्या पोराला कधी मार्क वाढवलेत?"

मास्तर काही बोलायच्या आत दारातून नवरा म्हणाला, "मला गणितात नापास केलं होतं. दोनदा."

सासूबाईंना हसू आवरेना. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"पाणी उकळून प्या, एवढं लिही. पण संडासामुळेच, हे कुठे सिद्ध झालंय?"

"सिद्ध करू. खड्डा उपसून महिनाभर कुलूप लावू, मग पुन्हा तपासू."

"आणि महिनाभर मी जायचं कुठे?"

नवऱ्याने वस्तीच्या खालच्या टोकाकडे बोट दाखवलं. वस्तीत दुसरा संडास एकच होता, गवंड्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस नसताना मास्तर छत्री उघडून, तोंड झाकून, दोनशे बारा पायऱ्या उतरले. छत्रीमुळे लांबूनही सगळ्यांनी त्यांना ओळखलं. गवंडी ओट्यावर दात घासत बसला होता.

"या मास्तर. देखावा नाही, पण कडी पक्की आहे."

महिनाभरात दोघांचं बोलणं नमस्काराच्या बरंच पुढे गेलं. शेवटी तर मास्तरांना परतायला तास लागे, आणि सासूबाई म्हणत, "पोट साफ होतंय की मन?"

महिन्याने सुनेने पुन्हा तीन बाटल्या भरल्या. दोन दिवस मास्तर फळीखालून हलले नाहीत. एकाही बाटलीचा रंग बदलला नाही. त्यांनी एकेक बाटली उजेडात धरली, हलवून पाहिली, आणि उठून खडू मागितला.

झऱ्यावर हंडे घेऊन रांग उभी होती. मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "पाणी पिण्यायोग्य." खडू ठेवला, सुनेकडे पाहिलं, पुन्हा उचलला आणि खाली लिहिलं, "कारण: माझा संडास बंद." त्याखाली सही केली.

नवा संडास गवंड्यानेच बांधला, झऱ्याच्या बराच खाली. जुन्यातलं भांडं काढून मास्तरांनी तिथे दोन खुर्च्या टाकल्या. पाहुण्यांना अजूनही वर नेतात. चहा आता तिथेच मिळतो.