खंडोबाच्या पाठीवर राजा

देवाला अंघोळ घालताना देवच निखळला तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी किंचाळले.

चंपाषष्ठीची सकाळ. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत मी चिंचेच्या पाण्यानं देवाचे टाक घासत होते. आमचा खंडोबा म्हणजे चांदीचा घोडेस्वार, तांब्याच्या कोंदणात घट्ट बसवलेला, भंडाऱ्यानं माखलेला. तो टपकन परातीत उलटा पडला. पाठीवर एका दाढीवाल्या गोऱ्याचं डोकं!

"क्षिप्रा! देवाच्या पाठीवर कोण बसलंय बघ!"

क्षिप्रा माझी भाची, आमच्याकडे राहून यूपीएससी करते. म्हणजे अभ्यास कमी आणि आम्हाला शिकवणं जास्त. ती बघून खो-खो हसत खालीच बसली. "मावशी, यार, हा पंचम जॉर्ज! हे पहिल्या महायुद्धाचं मेडल आहे!"

"गप्प बस. घोडा दिसत नाही का?"

"घोडा दिसतो. स्वाराच्या अंगावर कपडे दिसत नाहीत."

ते मात्र खरं होतं. आम्ही आपलं समजत होतो, घासून घासून देवाची वस्त्रं झिजलीत.

कोंदणात लपलेल्या कडेवर इंग्रजीत कोरलं होतं: एक नंबर, मराठा पलटण आणि नाव. बळवंत डुबल. मी मोठ्यानं वाचलं, तशी आतून बाबांची काठी पडल्याचा आवाज आला.

बळवंत म्हणजे बाबांचे आजोबा. आमच्या घरात हे नाव कोणी घेत नसे. बायको-पोराला टाकून ते पळाले, एवढंच सगळ्यांना ठाऊक. शाळेत पोरं बाबांना 'पळपुट्याचा नातू' म्हणायची; ऐंशी ओलांडली तरी ते त्यांना बोचतं. पितृपक्षात सगळ्यांची पानं वाढतात, बळवंतांचं नाही. मेडल टपालानं आलं असेल, पण तेव्हा घरात इंग्रजी कोणाला येत होतं? चांदीचा घोडेस्वार आला म्हणजे खंडोबाच आला, असं म्हणून सोनाराकडून बसवून घेतला असणार.

"बाबा, ते पळाले नव्हते! पलटणीत गेले होते!" मी नाचायलाच लागले.

बाबांनी हात वर केला. "भानू, पुढं शोधू नका. पलटणीतूनही पळाले असतील तर? या वयात मला ते नाही सोसायचं."

पण क्षिप्रा कसली थांबते! युद्धात पडलेल्या सैनिकांच्या वेबसाइटवर तिनं नाव-नंबर टाकलासुद्धा. मग तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "सरहद्दीवर लढताना गेले. नाव कोरलंय. मावशी, इंडिया गेटवर!"

इंडिया गेट! अहो, रोज ऑफिसला जाताना मी त्याला वळसा घालते! तिथं उभं राहून आइस्क्रीमवरून नवऱ्याशी भांडलेय, आणि डोक्यावर आमचे पणजोबा!

बाबांनी मफलर गुंडाळला, मेडल खिशात घातलं. "भरीत-रोडग्याचा डबा घे," एवढंच म्हणाले. ऑटोत मी हसत होते, क्षिप्रा हसत होती, ऑटोवालाही उगाच हसत होता.

इंडिया गेटला गार्डनं अडवलं. "बाऊजी, खाना अलाउड नहीं है. किसके लिए है?"

"दादाजी के लिए."

"कहाँ हैं दादाजी?"

बाबांनी काठी वर केली. "वो. ऊपर."

गार्डनं वर बघितलं, मग डब्याकडे. "तो जल्दी खिला दो."

क्षिप्रानं मोबाइलचा कॅमेरा झूम करून नाव शोधलं, बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं. बाबा हसायला लागले, रडायलाही लागले. "भानू, ज्याचं पान कधी वाढलं नाही, तोच आपल्या घरात सगळ्यांआधी जेवत होता गं!"

त्यांनी डब्याच्या झाकणावर मेडल ठेवलं, भरिताचा घास ठेवला, भंडारा उधळला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" आम्ही दोघी. मागून सेल्फीवाली पोरंही काहीबाही ओरडली.

गळ्यात कॅमेरा लटकवलेला फोटोवाला धावत आला. "अंकलजी, फोटो? आप कौन हैं, कोई नेता?"

भंडाऱ्यानं पिवळे झालेले बाबा ताठ उभे राहिले.

"बळवंत डुबल का पोता," ते म्हणाले.