खाली करो

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बाहत्तराव्या वर्षी, गॅरेज नाही, मिस्त्री नाही, आणि मी दाना ओली या गल्लीतल्या आमच्या एवढ्याशा अंगणात गाडीचे मागचे दोन्ही शॉकर बदलले. एका सकाळीत. मधेच गाडी अंगावर आली, तर ती दोन गुडघ्यांवर तोलून धरली. आरती म्हणून होईपर्यंत.

हे मी पहिल्यांदा इंदुताईंना सांगितलं. इंदुताई समोरच्या घरातल्या. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून घरी बसल्या, पण लाल पेन अजून डोळ्यांत आहे. मंगळवारी सकाळी त्या आपल्या पायरीवर मेथी निवडत होत्या आणि मी फाटकाला टेकून उभा होतो. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोणती आरती?"

"गणपतीची. आणि मागून देवीची."

"बरं. पुढे?"

पुढचं सांगण्याआधी मागचं सांगायला हवं, आणि ते सांगताना माझं डोकं तापतं. गाडी सतरा वर्षांची. गेल्या वर्षापासून तिची मागची बाजू आपटायला लागली. शॉकर म्हणजे चाकाला बसलेला धक्का गिळून टाकणारा दांडा, वर स्प्रिंग चढवलेली. आमच्या गाडीचे दांडे गिळायचं सोडून ओकायला लागले होते. स्टेशनाजवळच्या पडाव भागातल्या गतिरोधकावरून गेलो की असा धडाका व्हायचा की स्टेशनातले हमाल गाडी लागली समजून उठून उभे राहायचे. आमच्या मंदाताई, म्हणजे माझी बायको, मागे बसतात. एकदा त्यांच्या मांडीवरचा डबा उडाला तो थेट माझ्या मांडीवर. झाकण उघडलं नाही. डबा घरात आहे, कुणालाही दाखवीन.

पडावातल्या मिस्त्रीकडे गेलो तर तो पोरगेलासा माणूस गाडीखाली वाकलासुद्धा नाही. म्हणाला, "बाबूजी, इसमें अब क्या रखा है." गाडीकडे बघून म्हणाला की माझ्याकडे बघून, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही अर्थांनी मी त्याला माफ करणार नाही.

पण खरा राग त्याचा नाही. खरा राग आमच्या दिग्विजयचा. दिग्विजय माझा मुलगा, चव्वेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत साहेब. शुक्रवारी जेवताना म्हणतो, "बाबा, अब बस. रविवारी अकराला मुरैन्याहून एक आदमी येतोय. गाडी उसको दे देंगे."

गाडी माझी. कागद माझ्या नावावर. आणि 'दे देंगे' हा म्हणतो.

"तुम्हाला जिथं जायचं तिथं मी नेईन ना," वर हे.

माझा घास हातातच राहिला. मी नेईन. गाडी गेली की म्हातारा सामान होतो, इंदुताई. कुणी चढवेल तेव्हा चढायचं, कुणी उतरवेल तिथं उतरायचं. आज माझ्या मनात आलं की मंदाताईंना घेऊन मी निघतो, कुणाला विचारत नाही. ती किल्ली गेली की माझ्या हातात काय राहिलं? टीव्हीचा रिमोट, तोही हर्षिता देईल तेव्हा. हर्षिता म्हणजे नात.

मी म्हटलं, "रविवारी अकराच्या आत आवाज गेला, तर गाडी इथंच राहील. नाही गेला, तर खुशाल दे."

"कौन करेगा? मिस्त्रीने तो हाथ जोड़ दिए."

"आधी मराठीत बोल," मी म्हटलं.

आमच्या घराचा तो नियम आहे. फाटकाबाहेर हिंदी, फाटकाच्या आत मराठी. आमचे पूर्वज तलवार घेऊन दख्खनेतून आले, तेव्हा भाषा मागे ठेवून आले नव्हते. बाहेर मी शंभर माणसांशी हिंदी बोलतो, पण फाटक लोटलं की हिंदीचा एक शब्द माझ्या तोंडून निघत नाही. आणि दुसरा कुणी बोलला तर मला ऐकू येत नाही. हर्षितानं एकदा तीन वेळा "दादाजी, पानी" म्हटलं. 'आजोबा, पाणी' म्हटलं तेव्हा मिळालं.

"अंगण आत की बाहेर?" इंदुताईंनी विचारलं.

"आत. फाटकाच्या आत सगळं आत."

"बरं."

शनिवारी मी स्प्रिंग चढवलेली तयार जोडी आणली, दोन काखांत दोन. रविवारी सातला गाडीची डावी बाजू जॅकवर चढवली. चाक काढलं आणि तेच चाक गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवलं. जॅकनं दगा दिला तर गाडी चाकावर बसावी, माणसावर नाही. ही अक्कल विमा कंपनीत शिकवत नाहीत.

शॉकर खालच्या बाजूला दोन बोल्टांनी धरलेला असतो. सतरा वर्षांचा गंज. रात्रभर घासलेट पाजलं होतं तरी हलेनात. मी पान्याला लांब पाइप लावला, बोल्टाच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि मिस्त्रीचं ते वाक्य आठवलं. इसमें अब क्या रखा है. बोल्ट असा सुटला की डोंगरावरच्या किल्ल्याच्या दिशेनं गेला. नट सापडला. बोल्ट अजून वर कुठेतरी असेल.

"आणि दिग्विजय काय करत होता?"

"जॅकचा दांडा धरून उभा होता. त्याच्याकडून तेवढंच होतं."

तेवढ्यात दिग्विजय स्वतःच ऑफिसला निघाला. डाव्या हातानं फाटक उघडलं, डाव्याच हातानं इंदुताईंना नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांना जाड पट्टी होती. इंदुताईंची नजर तिच्यावरून हलेना.

"दाराच्या फटीत सापडली," मी म्हटलं. "चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला दार लावता येत नाही, आणि तो माझी गाडी विकणार."

"कधी सापडली?"

"परवा."

"परवा रविवार होता."

"असेल. मी पुढचं सांगू का?"

शॉकरचं वरचं टोक डिकीच्या आत तीन नटांनी बांधलेलं असतं, गालिच्याखाली. आणि आमची डिकी म्हणजे दुसरं घर. सतरंजी, चौरंग, पाण्याचा कॅन, मंदाताईंच्या जुन्या चपला, हर्षिताच्या रॅकेटी. ते सगळं उपसल्याशिवाय नट दिसत नाहीत. मी गाडीखाली आडवा, हात चाकाच्या खोबणीत कोपरापर्यंत. आतून ओरडलो, "गाड़ी खाली करो, ऊपर के नट खोलने हैं."

म्हणजे काय? सामान काढ. साधी गोष्ट. आणि जॅकपाशी उभा असलेला तो शहाणा काय करतो? दांडा उलटा फिरवतो. गाडी खाली. सतरा वर्षांची गाडी, सगळ्या चौरंगासकट, खाली. त्याला वाटलं, खाली म्हणजे खाली घे. एवढी वर्षं ज्या कानांनी हिंदीच ऐकली, त्यांना नेमकी त्याच क्षणी मराठी आठवली.

माझा संताप तिथं असा झाला, इंदुताई, की मी दोन्ही गुडघे वर घेतले आणि गाडी अलगद झेलली. अरे, विचारावं तरी. माणूस खाली झोपलाय, तो गाडी अंगावर घ्यायला कशाला सांगेल? एवढा विचार नको करायला? हात जॅकवर आहे आणि डोकं कुठं आहे? नियम, नियम म्हणून बसायचं आणि समोरचा माणूस काय सांगतोय ते ऐकायचंच नाही, ही काय रीत झाली? आत हात आहे कुणाचा तरी. मंदाताई स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांचा चेहरा मी बघितला. असा चेहरा परत बघायला लागू नये.

इथं मी फाटकाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली. राग फार झाला की असं होतं.

"आणि आरती?" इंदुताईंनी विचारलं.

"हो, आरती. गाडी झेलून आरती म्हटली, मग दोन्ही शॉकर चढवले. खालचे बोल्ट शेवटी गाडी चाकांवर उभी करून कसले, तसंच करायचं असतं. अकराला तो मुरैन्याचा माणूस आला. पडावापर्यंत चालवून आला. गतिरोधकावर हमाल झोपूनच राहिले. परत येऊन म्हणतो, लेनी है. दिग्विजयनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली, म्हणाला नहीं बेचनी, आणि माझ्या हातात ठेवली. डाव्या हातानं. बापाच्या हातात किल्ली डाव्या हातानं देतात का? पण मी काही बोललो नाही."

"का नाही बोललात?"

"असंच."

इंदुताईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले. वहीतली चूक सापडली की त्या शाळेत असंच करत असतील.

"जयसिंहराव, अंगण फाटकाच्या आत ना?"

"आत."

"आणि आत तुमच्या तोंडून हिंदीचा शब्द निघत नाही, दुसऱ्याचा तुम्हाला ऐकू येत नाही."

"नाहीच."

"मग डिकीतलं सामान काढायला तुम्ही 'रिकामी कर' म्हणाला असतात. रिकाम्याला खाली म्हणणारा तुमच्या घरात दिग्विजय. आणि खाली ऐकलं की खालीच समजणारे तुम्ही." त्यांनी चष्मा काढला. "गाडीखाली तो होता, जयसिंहराव. जॅक तुमच्या हातात होता."